जुन्या गाडीची ठिणगी

सणसवाडीसारख्या गावी ठिणगीचा इतिहास सांगावयास उभे राहणे हा काहीसा उलटा उद्योग आहे. पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोरेगाव भीमा मागे पडले की हे गाव लागते, आणि गेली पंचवीस वर्षे ते ओळखले जाते ते जॉन डिअरच्या ट्रॅक्टरांसाठी. ट्रॅक्टर चालतो डिझेलवर, आणि डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागतच नाही. नळकांड्यात हवा इतकी दाबावयाची की ती आपोआप तापून लाल व्हावी, आणि मग तिच्यात तेलाचा फवारा सोडावयाचा. ते तेल स्वतःच पेट घेते. रुडॉल्फ डिझेलने १८९० नंतरच्या दशकात ही युक्ती सिद्ध केली. १९४६ साली खडकीस किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली, आणि महाराष्ट्रातील शेतकऱ्याची इंजिनाशी पहिली ओळख झाली ती विहिरीवरल्या अशाच, ठिणगीवाचून धडधडणाऱ्या यंत्रामुळे. तेव्हा शिरूर-दौंडच्या श्रोत्याला प्लग आणि पॉइंट ह्यांच्याविषयी काय सांगावयाचे?

परंतु ह्याच रस्त्याने आणखी थोडे पुढे, रांजणगावास गेले म्हणजे चित्र पालटते. महागणपतीच्या देवळापासून फारशा लांब नसलेल्या औद्योगिक वसाहतीत फियाटचा कारखाना आहे. ह्या फियाटचे हिंदुस्थानातील पूर्वीचे घर म्हणजे मुंबईतील कुर्ला. आणि कुर्ल्याच्या त्या घरात जी गाडी तयार होत असे, तिच्या बॉनेटखाली डोके घालून आपल्यापैकी कितीतरी जणांनी पॉइंट घासले आहेत. कुर्ला ते रांजणगाव ह्या प्रवासात गाडीची ठिणगी कशी बदलली, हे आज सांगावयाचे आहे. त्याला निमित्त आहे एका प्रश्नाचे. जुन्या स्पोर्ट्स गाड्या बाळगणारी मंडळी हा प्रश्न एकमेकांना वारंवार विचारतात: गाडीतील मूळची पॉइंटची व्यवस्था काढून तिथे इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावे काय, आणि बसवावयाचे तर कोणते?

हा श्रीमंतांचा चोचला आहे असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. चोचल्याच्या पोटी पुष्कळदा एखादा खरा प्रश्न दडलेला असतो. यंत्र त्याच्या जाणकारांपेक्षा अधिक काळ जगले तर त्याचे काय करावयाचे, हा तो प्रश्न आहे. मला जे म्हणावयाचे आहे ते आधीच सांगून टाकतो. ठिणगीची व्यवस्था शंभर वर्षांत चार-पाच वेळा बदलली, पण प्रत्येक वेळी ठिणगी दुबळी होती म्हणूनच बदलली असे दिसत नाही. बहुतेक वेळा ती बदलली, कारण तिच्याजवळ उभा असलेला जाणता हात एक तर मिळेनासा झाला, किंवा त्याच्यावर विसंबणे परवडेनासे झाले.

आरंभापासून पाहू. १८६० साली पॅरिसमध्ये लेन्वारने वायूवर चालणारे इंजिन केले, त्यात विजेची ठिणगी होती. ती रूमकॉर्फच्या प्रवर्तन-कॉइलमधून येत असे. पण वीज फार लहरी ठरली, म्हणून डाइमलरसारख्या कसबी माणसाने ती सोडूनच दिली आणि तापलेल्या नळीचा मार्ग धरला. नळकांड्याला एक छोटी नळी जोडावयाची, तिला बाहेरून दिव्याने तापवीत राहावयाचे, आणि आतला वायू दाबला जाऊन नळीत शिरला की पेटावा. पेटण्याची वेळ नळीच्या मर्जीवर! कार्ल बेंझ मात्र विजेलाच धरून राहिला. पुढे श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने चुंबकावर चालणारा मॅग्नेटो सुधारीत नेला, आणि १९०२ साली त्याच्याच कारखान्यातील गोटलोब होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो व प्लग ह्यांची जोडी बसविली. बॅटरी नको, दिवा नको. इंजिन फिरले की ठिणगी तयार. शर्यतीच्या गाड्यांना आणि विमानांना ही व्यवस्था इतकी मानवली की लहान विमानांच्या पिस्टन-इंजिनांत मॅग्नेटो अजून आहे.

मॅग्नेटोची एक खोड होती. इंजिन हळू फिरते तेव्हा, म्हणजे नेमके सुरू करताना, त्याची ठिणगी क्षीण असे. हँडल मारावयाचे ते जोराने मारावे लागे, आणि ठिणगीची वेळ चुकून पुढे ठेवलेली असली तर इंजिन उलटा झटका देई. त्या झटक्याने मनगटे मोडत. गाडी बाळगावयाची तर पदरी एक दणकट आणि शहाणा माणूस हवा, असा तो काळ होता. आपल्याकडील संस्थानिकांच्या मोटारींसोबत शोफर येई तो काही केवळ थाटासाठी नव्हे.

ह्या शोफरला अमेरिकेत रजा दिली ती चार्ल्स केटरिंगने. ओहायोतील डेटन गावी १९०९ साली त्याने आणि एडवर्ड डीड्सने डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी काढली. तिची आद्याक्षरे जुळवून झालेले नाव डेल्को. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट ह्यांची त्याने बसविलेली घडी १९१० च्या कॅडिलॅकमध्ये आली, आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बटण दाबून सुरू होणारा स्टार्टरही आला. हँडल गेले. मोटार आता ज्याला तिच्या पोटातले काही कळत नाही त्यालाही चालविता येऊ लागली.

आणि येथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडील जुने मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला डिस्ट्रिब्युटर म्हणत नाहीत. ते म्हणतात ‘डेल्को’. फियाटचा डेल्को, जीपचा डेल्को. मग तो लुकसने बनविलेला असो वा इटलीच्या मारेल्लीने, नाव डेल्कोच. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईस शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना घातला, आणि त्या अमेरिकन गाड्यांच्या साहित्यावर डेल्को-रेमी हे नाव असे. तेथूनच हा शब्द गॅरेजांत उतरला असावा. डेटनच्या एका कंपनीचे नाव मराठी मिस्त्रीच्या तोंडी सामान्यनाम होऊन बसले. डालडा आणि लूना ह्यांचे झाले तसेच.

केटरिंगची व्यवस्था मोठी सुबक आहे, आणि ती समजल्याखेरीज पुढचा निवडीचा प्रश्न कळावयाचा नाही. कॉइलमध्ये लोखंडाच्या गाभ्याभोवती दोन गुंडाळ्या असतात. एक जाड तारेची, थोड्या वेढ्यांची, आणि दुसरी केसासारख्या तारेची, पहिलीच्या शंभरपट वेढ्यांची. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा बॅटरीचा प्रवाह जाड गुंडाळीतून वाहतो आणि चुंबकत्व साठवितो. डेल्कोच्या मधल्या दांड्यावरचा कॅम पॉइंट उघडतो, प्रवाह तुटतो, चुंबकत्व एकाएकी कोसळते, आणि त्या कोसळण्यातून बारीक गुंडाळीत पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब उसळतो. तोच प्लगच्या फटीतून उडी मारतो. प्रवाह तुटताना पॉइंटमध्येच ठिणगी पडू नये म्हणून शेजारी कंडेन्सर ठेवलेला असतो. चार नळकांड्यांचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर मिनिटाला सहा हजार ठिणग्या, म्हणजे सेकंदाला शंभर. इतक्या वेळा ते दोन इवलेसे धातूचे ठिपके उघडावयाचे आणि मिटावयाचे, आणि दोहोंमधली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी.

साहजिकच ते झिजतात. एका ठिपक्यावर खड्डा पडतो, दुसऱ्यावर उंचवटा चढतो. कॅमवर घासणारी टाच झिजते, तसतशी फट कमी होते आणि ठिणगी मागे पडत जाते. गाडी ओढेनाशी होते, पेट्रोल अधिक पिते, तापते. हे एका दिवसात होत नाही, हळूहळू होते, आणि म्हणूनच ते ओळखण्यास कान लागतो. पूर्वीचा मिस्त्री नुसत्या आवाजावरून सांगे, ‘साहेब, टायमिंग मागं गेलंय.’ मग कॅप काढणे, पॉलिश पेपरने पॉइंट घासणे, फीलर गेजची पाती आत सरकवून फट पाहणे, डेल्को हातभर नव्हे तर केसभर फिरवून टायमिंग लावणे. अर्ध्या तासाचे काम. पाती नसली तर पोस्टकार्डाच्या कागदावरही भागविणारे महाभाग मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या गाड्या चालत असत हे कबूल केले पाहिजे.

आता कुर्ल्याकडे वळू. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. प्रथम क्रायस्लरच्या गाड्या, आणि पन्नाशीच्या आरंभी फियाटशी करार. जकात आयोगाच्या १९५३ च्या अहवालानंतर नुसती जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी येथून काढता पाय घेतला; शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. उरल्या त्या देशात गाडी घडविण्याचा कार्यक्रम असलेल्या मोजक्या कंपन्या. १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट, आणि १९७४ पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी ह्या नावाने, अशी ती शतकाच्या अखेरपर्यंत निघत राहिली. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, चार नळकांडी, एक कार्बुरेटर, आणि केटरिंगची ती पॉइंटची घडी.

त्याच सुमारास इटलीत काय घडत होते? फेरारीला आपले सहा नळकांड्यांचे इंजिन शर्यतीत उतरविण्यासाठी ते निदान पाचशे गाड्यांत बसवून विकल्याचे दाखवावे लागणार होते. एकट्या फेरारीच्याने ते होण्यासारखे नव्हते, म्हणून फियाटने त्या इंजिनाची स्पोर्ट्स गाडी काढली. १९६६ च्या तूरिन प्रदर्शनात ती पुढे आली, आणि एन्झो फेरारीच्या अकाली गेलेल्या मुलाच्या नावावरून तिला डिनो म्हणत. हे इंजिन मिनिटाला सात-आठ हजार फेरे घेई. आठ हजार फेऱ्यांना सहा नळकांड्यांत मिनिटास चोवीस हजार, म्हणजे सेकंदाला चारशे ठिणग्या होतात. येथे पॉइंटची स्प्रिंग हात टेकते, ठिपके नीट मिटण्याआधीच पुन्हा उघडतात, कॉइल भरतच नाही. मॅग्नेटी मारेल्लीने ह्यावर डिनोप्लेक्स नावाची पेटी केली. तिच्यात एक कपॅसिटर शेकडो व्होल्टपर्यंत भरून ठेवावयाचा आणि क्षण आला की एकदम कॉइलमध्ये रिकामा करावयाचा. १९६८ ची फियाट डिनो ही इलेक्ट्रॉनिक इग्निशन सरसकट बसवून विकलेली पहिली गाडी समजली जाते. अमेरिकेत पाँटिअ‍ॅकने १९६३ मध्ये ते वैकल्पिक म्हणून देऊ केले होते, आणि त्याआधीच्या वर्षी लुकसची ट्रान्झिस्टरची व्यवस्था ब्रिटिश शर्यतीच्या गाड्यांत उतरली होती. आरंभीचे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे असत, आणि जर्मेनियमला इंजिनाची ऊब सोसत नसे. सिलिकॉन आले तेव्हा कुठे ह्या पेट्या विश्वासाला पात्र झाल्या.

एकाच फियाटच्या छापाच्या दोन गाड्या. तूरिनच्या गाडीत १९६८ साली इलेक्ट्रॉनिक पेटी आली, कुर्ल्याच्या गाडीत पॉइंटची जुनी घडीच पुढे तीस वर्षे राहिली. ह्यावर आपल्याकडे लगेच एक उसासा टाकण्याची चाल आहे: परवाना-राज, स्पर्धेचा अभाव, गिऱ्हाइकाला दहा-दहा वर्षे ताटकळत ठेवणारी कारखानदारी. तो उसासा खोटा नाही. पण तेवढ्याने इतिहास उलगडत नाही. कारण अमेरिकेतही साध्या प्रवासी गाड्यांतून पॉइंट गेले ते वेगासाठी नव्हेत. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याखाली कारखानदाराला हमी द्यावी लागली की गाडीचा धूर पन्नास हजार मैलांपर्यंत, म्हणजे ऐंशी हजार किलोमीटरपर्यंत, मर्यादेत राहील. पॉइंट असलेल्या गाडीविषयी अशी हमी कोण देणार? मालक ते वेळेवर बदलील की नाही, मिस्त्री फट बरोबर लावील की नाही, ह्यावर सारे अवलंबून. पुढे १९७५ पासून धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. एका प्लगची ठिणगी चुकली तर न जळलेले पेट्रोल त्यात जाऊन ते जळून खाक व्हावयाचे. म्हणून क्रायस्लरने १९७३ पर्यंत, आणि फोर्ड व जनरल मोटर्सने १९७५ मध्ये, पॉइंटला निरोप दिला. कायद्याला माणसाच्या हातावर भरवसा ठेवणे परवडेना.

आपल्याकडे असा कायदा उशिरा आला. धुरावरचे पहिले निर्बंध १९९१ चे, मोठ्या शहरांत कन्व्हर्टरची सक्ती १९९५ ची, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ च्या आदेशाने दिल्लीस युरोपच्या मोजमापाची घाई झाली. तोवर येथे जाणता हात मुबलक होता आणि स्वस्तही. मुंबईच्या टॅक्सीवाल्याच्या दृष्टीने पाहा. पॉइंटचा जोड म्हणजे हातात मावणारी वस्तू, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी, आणि ती बसविणारा मिस्त्री त्याच कोपऱ्यावर बसलेला. बंद पडली तरी रस्त्याच्या कडेला उभी करून घासता येते. ह्या माणसाला इलेक्ट्रॉनिक पेटी देऊन तुम्ही त्याचे काय भले करणार होता? ती बिघडली तर दुरुस्त होत नाही, नवीच आणावी लागते. पद्मिनीतील पॉइंट हे जसे आळसाचे चिन्ह होते तसेच ते आपल्या परिस्थितीला धरूनही होते, असे मला वाटते. आणि कारखान्याच्या आळसाला मिस्त्रीच्या कसबाने तीस वर्षे झाकून घेतले असेही म्हणता येईल. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. टॅक्सी गेली की दुकानातला पॉइंटचा जोड जातो. जोड गेला की फीलर गेज हाताळणारा मिस्त्री दुसऱ्या कामाला लागतो.

मधल्या काळात कुर्ल्याचा कारखाना फियाटच्या हाती गेला, आणि पुढे फियाट रांजणगावास आली. २००६ नंतर टाटा मोटर्सशी तिची भागीदारी झाली, आणि २०१७ पासून तेथून जीप कंपासही निघू लागली. तिच्या पेट्रोल-इंजिनात डेल्को नावाची वस्तूच नाही. प्रत्येक प्लगची स्वतंत्र कॉइल, आणि वेळ ठरविणारा संगणक. ह्या पट्ट्यातल्या कारखान्यांत काम करणाऱ्या पंचविशीच्या तरुणाला पॉइंट दाखविले तर तो कुतूहलाने पाहील, आणि त्यात त्याचा दोष काहीच नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. समजा, ह्याच भागातील कोणा गृहस्थाकडे वडिलोपार्जित एम. जी. टी. डी. आहे, १९५० ते १९५३ मध्ये इंग्लंडात झालेली, दोन माणसांची, उघडी गाडी. गृहस्थाने इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा संच मागवावयाचे ठरविले. त्याने काय पाहावे?

सर्वांत आधी बॅटरी. ही गोष्ट इतकी साधी आहे की ती हटकून विसरली जाते. आपल्या गाड्यांत बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असते. पण त्या काळच्या इंग्रज गाड्यांत धन टोक सांगाड्याला असे. टी. डी. तशीच, जॅग्वारची एक्स. के. १२० तशीच, आणि एम. जी. बी. सुद्धा १९६७ च्या अखेरीपर्यंत तशीच. पॉइंटला धन-ऋणाचे सोयरसुतक नसते, ते दोन्हीकडे सारखेच उघडतात. ट्रान्झिस्टरला असते. ऋणाचा संच धनाच्या गाडीला जोडला, तर किल्ली फिरवताच पैसे गेले. संच घ्यावयाचा तो धन-सांगाड्याचा आहे हे पाहून घ्यावा, किंवा गाडीचीच जोडणी उलटून घ्यावी. मग डायनॅमोला नवे ध्रुव द्यावे लागतात, अँपिअर-मीटरच्या तारा बदलाव्या लागतात, आणि कॉइलचीही टोके पालटावी लागतात. कॉइलची टोके उलटी राहिली तरी गाडी चालते, पण प्लगच्या मधल्या तापलेल्या टोकाकडून जी ठिणगी सहज उडावयाची ती उलट दिशेने उडविण्यास अधिक दाब लागतो, आणि थंड सकाळी ते जाणवते.

दुसरी गोष्ट डेल्को स्वतः. सत्तर वर्षांत मधल्या दांड्याचे बुश झिजून दांडा डुगडुगू लागलेला असतो. पॉइंटच्या व्यवस्थेत त्यामुळे फट प्रत्येक नळकांड्यापाशी वेगळी होते आणि इंजिन अडखळते. कॅमवर लहान चुंबकांचे कडे आणि शेजारी हॉल-संवेदक, असे जे संच मिळतात (१८७९ साली एडविन हॉलने शोधलेला परिणाम तो हाच), ते ही डुगडुग पुष्कळशी पोटात घालतात. त्यामुळे संच बसविताच गाडी सुधारल्यासारखी वाटते आणि मालक खूश होतो. परंतु डेल्कोच्या खालच्या मजल्यावर आणखी एक यंत्र आहे, त्याकडे कोणी बघत नाही. वेग वाढला की ठिणगी आपोआप पुढे सरकविणारी ती दोन वजने आणि त्यांच्या दोन स्प्रिंगा. त्या गंजून अडकल्या असतील किंवा ढिल्या पडल्या असतील, तर वरती कितीही उंची इलेक्ट्रॉनिक संच बसविला तरी ठिणगी चुकीच्याच वेळी पडणार. फक्त अधिक जोमाने. माझे मत विचाराल तर संच घेण्याआधी डेल्को खोलून साफ करावा, बुश बदलावेत, स्प्रिंगा पाहाव्यात. शंभरातल्या कितीतरी गाड्यांना एवढ्यावरच संचाची गरज राहणार नाही.

डेल्को अगदीच कामातून गेला असेल, तर आतली वजने टाकून देऊन ठिणगीचा वेग-वक्र इलेक्ट्रॉनिक रीतीने ठरविणारा संपूर्ण नवा डिस्ट्रिब्युटर घेणे शहाणपणाचे. त्यात एक जास्तीचा लाभ आहे. टी. डी. जन्मली तेव्हा इंग्लंडात युद्धकाळचे पूल पेट्रोल चालू होते. त्याचा ऑक्टेन-अंक सत्तरीच्या आसपास. आजचे आपले साधे पेट्रोल नव्वदीच्या वर आहे आणि त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. ह्या पेट्रोलासाठी ठिणगीचा वक्र नव्याने आखता आला तर बरेच. मात्र इथेनॉलने कुजलेल्या रबरी नळीचा दोष इग्निशनवर ढकलू नये.

कॉइलचा रोध मापून घ्यावा. जुनी कॉइल साधारण तीन ओहमची असते. काही संचांना तीच हवी, काहींना कमी रोधाची चालते, आणि जोडी चुकली तर पेटी तापून मरते. किल्ली सुरू ठेवून इंजिन बंद ठेवण्याची आपल्याकडे जी सवय आहे, रेडिओ ऐकत बसण्याची, तीही काही संचांना घातक. तांब्याच्या गाभ्याच्या जुन्या प्लग-तारा विजेचा कल्लोळ करतात आणि संवेदकाला चकवतात. रोध असलेल्या तारा घ्याव्यात. साठीनंतरच्या काही स्पोर्ट्स गाड्यांत फेऱ्यांचा मीटर कॉइलच्या प्रवाहावरच चालतो, तो नव्या संचाने मुका होण्याचा संभव असतो. टी. डी.चा मीटर यांत्रिक आहे, तिला ती भीती नाही. आणि बॅटरी तगडी हवी. स्टार्टर फिरताना दाब खाली येतो. त्या वेळी पॉइंट कसेबसे का होईना काम करतात, पण पेटी एका मर्यादेखाली बोलतच नाही. धक्का मारून गाडी सुरू करण्याचा आपला राष्ट्रीय उपायही अगदी मेलेल्या बॅटरीवर चालत नाही.

पॉइंट आणि पेटी ह्यांच्या मरणातला फरकही ध्यानी घ्यावा. पॉइंट महिनोन्महिने कुरकुरत मरतात, आणि मालकाला सूचना देऊन मरतात. पेटी वर्षानुवर्षे उत्तम चालते आणि एके दुपारी, शिक्रापूरच्या चौकात ट्रकांच्या रांगेत, चाळीस अंशाच्या उन्हात, एकदम गप्प होते. तेथे पोस्टकार्डाचा उपाय नाही. म्हणून मला स्वतःला एक तिसरा, दुर्लक्षित प्रकार फार आवडतो. त्यात पॉइंट जागच्या जागी राहतात, पण मोठा प्रवाह ट्रान्झिस्टरमधून जातो आणि पॉइंटमधून फक्त इशाऱ्यापुरता. ठिपके जळत नाहीत. पेटी मेली तर दोन तारा बदलून गाडी पुन्हा जुन्या चालीवर येते. टाच झिजते ती झिजतेच, फट अधूनमधून पाहावी लागतेच. ते पाहण्यास माणूस असेल त्याने हाच प्रकार घ्यावा. नसेल, आणि गाडी पुढच्या पिढीला चालवावयाची असेल, तर चुंबकाच्या कड्याचा संच कॅपखाली लपवून बसवावा.

लपवून म्हणण्याला कारण आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये नियम करून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली. तिचे शुल्क वीस हजार रुपये, आणि क्रमांकात ‘व्हीए’ अशी अक्षरे असतात. सांगाडा, बॉडी वा इंजिन ह्यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. कॅपखालचे हातभर तारेचे कडे हा मोठा फेरफार आहे असे कोणी म्हणणार नाही, पण बॉनेटखाली चकाकणारी निळी पेटी, तिच्यासाठी पाडलेली भोके आणि कापलेल्या मूळ तारा पाहून परीक्षक भुवया उंचावतोच. ह्या बाबतीत मी परीक्षकाच्या बाजूचा आहे. तार कापू नये, भोक पाडू नये.

काढलेले पॉइंट, कंडेन्सर आणि त्यांची पाटी फेकू नये. ती एका डब्यात घालावी, सोबत फीलर गेज ठेवावा, आणि डब्याच्या झाकणावर आतून कागद चिकटवून लिहावे: फट किती, ठिणगी किती अंशांवर, कोणत्या नळकांड्यामागून कोणते. एकापाठोपाठ एक, तीन, चार, दोन. टी. डी.चा क्रम तो, आणि कुर्ल्याच्या फियाटचाही तोच. तो डबा गाडीच्या मागे, जॅकशेजारी राहू द्यावा.